वाड्यात आजोबांची ठासणीची बंदूक निघालीय? हात लावायच्या आधी हे वाचा (सोलापूर जिल्ह्यापुरतं)

सोलापूर भागात जुने वाडे आता धडाधड पडायलेत. माळवद उतरवलं की काय काय निघतं, तांब्याचे हंडे, कूळकायद्याचे कागद, आणि बऱ्याच घरांत गोणपाटात गुंडाळलेली एक लांबलचक ठासणीची बंदूक. आमच्याकडं पण निघाली. आजोबांच्या नावावर लायसन्स होतं, ते गेल्यावर वडिलांनी काही हालचाल केली नाही, आणि शेवटी ते सगळं माझ्या गळ्यात आलं. ती रीतसर माझ्या नावावर होईपर्यंत कुठल्या टेबलावर काय विचारतात, कुठला कागद कमी पडतो, लोक काय काय चुकीचं सांगतात हे सगळं कळलं म्हणून लिहून ठेवतोय. मराठीत याच्यावर फार काही मिळत नाही आणि यूट्यूबवर जे मिळतं ते अमेरिकेतलं असतं, ते इथं बिलकुल चालत नाही.

आधी एक क्लिअर करतो. बंदूक निघाली म्हटलं की गावातली पोरं पहिला प्रश्न विचारणार, "मग शिकारीला कधी जायचं बे?" जायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शौकाची शिकार पूर्ण बंद आहे. आपल्या माळावर दिसणारं काळवीट पहिल्या अनुसूचीत येतं, त्याला मारलं तर ३ ते ७ वर्षं आत आणि दंड वेगळा. त्यामुळं हा लेख बंदूक कायदेशीर कशी ठेवायची किंवा कायदेशीर सोडायची कशी याचा आहे.

१. आधी बघा, ती भरलेली आहे का

हे मी सगळ्यात वर ठेवतोय कारण लोक पहिल्यांदा नेमकं उलटं करतात, बंदूक उचलतात, खांद्याला लावतात, घोडा ओढून फोटो काढतात. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं, उघडून बघायची सोय नसते. नळीच्या तोंडातून दारू, वर चिंधी किंवा कागद, मग गोळी नाहीतर छर्रे गजाने ठासलेले असतात, आणि पूर्वी माणसं बंदूक भरून खुंटीला टांगायची. काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास साठ वर्षांनी पण पेटते, आणि आपल्या सोलापूरच्या हवेत कोरडेपणाला काय कमी आहे.

घोड्याच्या खाली जो छोटा उंचवटा असतो ते निप्पल, त्याच्यावर हिरवट पडलेली तांब्याची टोपी बसलेली दिसली तर तिथंच थांबायचं. घोड्याला, चापाला हात नाही, टोपी पकडीने उपटायला जायचं नाही, पोरांना बाहेर काढा, खोलीला कुलूप लावा आणि पोलिस स्टेशनला फोन करा.

टोपी नसेल तर एक साधी तपासणी करता येते. नळीचं तोंड माणसं नसतील अशा बाजूला, आपलं तोंड आणि हात नळीसमोर नाही. लाकडी काठी नाहीतर बंदुकीचाच लाकडी गज अलगद आत सोडायचा, ठोकायचा नाही. थांबला की नळीच्या तोंडाशी काठीवर खडूने खूण करा. आता काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून धरा, खूण तोंडाशी. काठीचं टोक पार निप्पलच्या रेषेपर्यंत पोचलं तर बहुतेक रिकामी. चार बोटं अलीकडंच थांबलं तर भरलेली समजा. दोन नळ्या असतील तर दोन्ही बघा, कारण एक बार उडवून दुसरा तसाच ठेवलेला पण असतो. भरलेली निघाली तर घरी काढायचा प्रयत्न नको. तापवणं, ड्रिल, वेल्डिंग हे तर मनातसुद्धा आणू नका. शंका असली तरी भरलेलीच धरून चाला आणि पोलिसांना तसं सांगा, लायसन्सवाला कारागीर ते काम करतो.

२. तुमच्याकडं नेमकं काय आहे ते ओळखा

फॉर्ममध्ये शस्त्राचं वर्णन लागतं आणि इथं बरेच जण अडकतात. "जुनी बंदूक" लिहिलं की अर्ज परत.

पहिलं, पेटते कशी. दोरीची वात असेल तर तोड्याची, गारगोटी असेल तर चकमकीची, निप्पल असेल तर टोपीची. आपल्याकडं घरात निघतात त्या शंभरात नव्वद टोपीच्याच असतात. फरक डोळ्याने बघायचा असेल तर अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार एकदा बघून या, बंदूक असो नसो बघण्यासारखं आहे.

दुसरं, बोअर. हा आकडा मिलिमीटर नाही आणि इंच पण नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या किती गोल गोळ्या पाडल्या की एक गोळी त्या नळीत बसते, तो आकडा म्हणजे बोअर. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी. १२ बोअरची नळी साधारण १८.५ मिलिमीटर आणि गोळी ३८ ग्रॅमच्या आसपास, १६ बोअर १६.८ मिलिमीटर, ८ बोअर २१ च्या वर, आणि ४ बोअर म्हणजे जवळजवळ २७ मिलिमीटर, एक गोळी पाव पौंडाची, ११३ ग्रॅम! व्हर्नियर असेल तर नळीच्या तोंडाचं आतलं माप घ्या, नसेल तर वर्कशॉपवाल्याला घरी बोलवा, बंदूक घेऊन त्याच्याकडं जाऊ नका.

एवढ्या जाड नळ्या का करायचे हे मला आधी कळायचं नाही. कारण असं की काळ्या दारूने गोळीचा वेग एका मर्यादेच्या वर जात नाही, आणि गोल गोळीचं वजन वाढवायचं तर ती जाडच करावी लागते, लांब करता येत नाही. म्हणून हत्ती, गवा असल्या जनावरांसाठी साहेब लोक मोठ्या बोअरच्या रायफली करून घ्यायचे. सॅम्युएल बेकर नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने सिलोनात (आताच्या श्रीलंकेत) वापरलेली रायफल १८४० ची, वजन २१ पौंड, गोळी ३ औंसाची आणि एका बाराला १६ ड्रॅम दारू, म्हणजे अख्खा एक औंस. आपल्या मध्य प्रांतात नोकरीला असलेला जेम्स फोर्सिथ १८६० च्या दशकात गोल गोळी आणि अगदी मंद पिळाच्या रायफलीचा पुरस्कार करायचा (पीळ म्हणजे नळीच्या आत फिरत गेलेल्या खाचा), त्याचं म्हणणं पीळ कमी असला की दारू जास्त घालता येते आणि गोळी पिळावरून घसरत नाही. आजोबांच्या बंदुकीत असा मंद पीळ असेल तर वरवर बघून तो कळतच नाही, गुळगुळीत नळी वाटते.

आणि हे बघणं नुसत्या हौसेपोटी नाही. नळी गुळगुळीत की पिळाची यावर तुमचा अर्ज फिरतो. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये २० इंचापेक्षा कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी मागितली तर लायसन्स द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय, अर्थात कलम १४ ची नकाराची कारणं लागू नसतील तर. पिळाची असेल तर मात्र "सबळ कारण" तुम्हाला पटवून द्यावं लागतं. म्हणून रिकामी असल्याची खात्री झाल्यावर मोबाईलचा टॉर्च तिरका मारून नळीच्या तोंडाशी आतल्या कडेला खाचा दिसतात का नीट बघा आणि जे आहे तेच लिहा.

तिसरं, नळीवरचे शिक्के. नळीच्या बुडाशी, कधी दस्ता काढल्यावर खालच्या अंगाला, मुकुट आणि अक्षरं असतात, ती लंडन नाहीतर बर्मिंगहॅमच्या तपासणीची खूण असते. फोटो काढून ठेवा. पॉलिश पेपर मारू नका. एकाने हौसेने नळी चकाचक करून आणली आणि नंबरच गेला. ओळखीची खूण पुसणं हा कलम ८ खाली वेगळा गुन्हा आहे.

३. "शंभर वर्षं जुनी म्हणजे लायसन्स लागत नाही" हे विसरा

प्रत्येक पारावर हे सांगणारा एक तरी भेटतोच. अमेरिकेत १८९८ पर्यंतच्या बंदुकांना केंद्राच्या कायद्यात सूट आहे, तिथं बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकारीला ठासणीच्या बंदुकीचा वेगळा सीझन पण असतो, ते व्हिडिओ बघून लोकांचा गैरसमज होतो. आपल्याकडं अशी वर्षाची रेघ नाही. कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या किंवा मोडक्या शस्त्राला, पण अट अशी की ते दुरुस्त करून सुद्धा बंदूक म्हणून वापरता येऊ नये. नुसता घोडा तुटलाय, निप्पल गंजलंय, म्हणजे सूट नाही, कारण ते दुरुस्त होतं. आणि ते ठरवणार तुम्ही नाही.

बिनालायसन्स बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "भिंतीवर शोभेला टांगलीय" हे उत्तर तिथं चालत नाही.

४. पोलिस स्टेशन

बंदूक घेऊन डायरेक्ट मोटरसायकलवर पोलिस स्टेशनला निघू नका, एसटीत तर नकोच. आधी जवळच्या पोलिस स्टेशनला लेखी पत्र द्या, घर पाडताना अमुक तारखेला अशी बंदूक मिळाली, लायसन्स अमुकच्या नावे होतं, ते मयत आहेत, बंदूक जमा करून घ्यावी. पत्राच्या दुसऱ्या कॉपीवर सही शिक्का आणि आवक नंबर घ्या. मग ते सांगतील तसं, बहुतेक वेळा ते माणूस पाठवतात.

कलम २१ प्रमाणं लायसन्सधारक गेला की वारसांनी उगाच उशीर न करता बंदूक पोलिस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करायची असते. पावती घ्या, पावतीत बोअर, किती नळ्या, नंबर, शिक्के सगळं लिहून घ्या, नुसतं "एक बंदूक" असं लिहिलेली पावती घेऊ नका. आणि जमा केली म्हणजे काम झालं असं समजून गप्प बसू नका, ठराविक मुदतीत तुम्ही ती परत घेतली नाही किंवा विकली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. तशी नोटीस येते, पण आली जुन्या वाड्याच्या पत्त्यावर तर तुम्हाला कोण सांगणार?

लायसन्स कधी नव्हतंच, किंवा सापडतच नाही, असं असेल तर पत्र लिहायच्या आधी एका फौजदारी वकिलाला भेटा. तासाभराची फी जाते, पण पत्रातलं एक वाक्य इकडचं तिकडं झालं तर किती महाग पडतं बघा. आधी ट्रंका, कपाटं, जुन्या वह्या चाळा मात्र. लायसन्सचं जुनं पुस्तक छोटं पासबुकासारखं असतं. त्यात एसबीएमएल नाहीतर डीबीएमएल असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे एक नळी किंवा दोन नळ्यांची ठासणीची.

५. अर्ज कुठं आणि काय काय लागतं

सोलापूर शहर पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर अर्ज पोलिस आयुक्तांकडं. बाकी बार्शी, माढा, सांगोला, मंगळवेढा, कुठलाही ग्रामीण भाग, तिथं जिल्हाधिकारी, त्यांच्या गृह शाखेत. शहराच्या कडेला नवीन वस्ती असेल तर कुठल्या पोलिस स्टेशनची हद्द ते आधी विचारा, लोक इथं उगाच दोन ऑफिसांच्या मध्ये फिरत बसतात.

बंदूक वारसाने येते, लायसन्स वारसाने येत नाही. ते तुम्हाला नव्याने मिळवावं लागतं, फक्त शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये वारसांसाठी वाट केलेली आहे. आणि हे फक्त मृत्यूनंतरच नाही, लायसन्सधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडं २५ वर्षं असली तर तो हयातीतच वारसाला द्यायला सांगू शकतो. ज्यांचे वडील आजोबा अजून आहेत त्यांनी हे आत्ताच करून घ्या, सगळ्यात सोपा मार्ग हाच.

साधारण कागद असे:
- नमुना ए-१ मधला अर्ज, ऑनलाइन भरून त्याची प्रिंट
- पांढऱ्या बॅकग्राउंडचे पासपोर्ट फोटो
- आधार, जन्मतारखेचा पुरावा (वय २१ पूर्ण पाहिजे), रहिवासाचा पुरावा
- मृत्यूचा दाखला आणि जुनं लायसन्स
- वारसाचा दाखला, आणि बाकी सगळ्या वारसांचं ना-हरकत
- बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी
- शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं मेडिकल, कुठल्या डॉक्टरचं चालतं ते शाखेतच विचारा
- शस्त्र हाताळणीचं ट्रेनिंग सर्टिफिकेट मागितलं तर ते
- बंदूक जमा केल्याची पावती
- पीक संरक्षणासाठी मागत असाल तर सातबारा

यात सगळ्यात जास्त वेळ खातं ते ना-हरकत. गंजलेली बंदूक, बाजारात तिला किंमत नाही, पण पुण्यातल्या चुलत्याला कागद सही करायला दिला की त्याला अचानक आजोबांची आठवण येते, मग वाड्याच्या वाटणीचा विषय निघतो, मग आत्या म्हणते माझी सही कशाला पाहिजे. आत्याची सही पाहिजेच, मुली पण वारस आहेत. माझा सल्ला, दिवाळीत नाहीतर गड्ड्याच्या यात्रेला सगळे एकत्र आले की एकाच दिवशी सगळ्यांच्या सह्या उरकून घ्या, कागद आधीच टाइप करून ठेवा आणि त्यात "फक्त या बंदुकीपुरतं, इतर मालमत्तेशी संबंध नाही" हे वाक्य घाला. सही पटकन होते.

मग पोलिस चौकशी. घरी येतात, शेजारी विचारतात, केस बिस आहे का बघतात. भाऊबंदकीत एखादी एनसी (अदखलपात्र तक्रार) दाखल झालेली असेल तर लपवू नका, अर्जात तसा रकाना असतो. एजंट भेटतील, "साहेब ओळखीचे हायत" म्हणणारे, त्यांच्या नादी लागू नका, ऑनलाइन अर्जाचा नंबर तुमच्याकडंच असतो.

नाकारलं तर कारण लेखी मागा, आणि कलम १८ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाने आल्या तरी. आधीच दोन असतील तर ही घ्यायचा विषयच संपला.

६. नान्नजच्या आसपास राहत असाल तर हे नक्की वाचा

ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती, वन्यजीव कायदा वाचताना सापडली. कलम ३४ प्रमाणं अभयारण्याच्या आत किंवा हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसन्सधारकाने वनविभागाकडं नोंदणी करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवीन लायसन्स द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. आपलं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा असं लांबपर्यंत पसरलेलं, नंतर कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर केलं. त्यामुळं "नान्नज आमच्यापासून लांब आहे" यावर जाऊ नका, अंतर गावापासून नाही तर हद्दीपासून मोजतात आणि हद्द तुकड्या तुकड्यात आहे. वनविभागात जाऊन गट नंबर दाखवा आणि हद्दीच्या आत, १० किलोमीटरमध्ये की बाहेर ते लेखी घ्या. तो कागद अर्जाला आधीच जोडला तर फाइल मधेच अडकत नाही.

७. "मग डुकरं तरी मारता येतात ना?"

मक्यात, उसात रानडुकरं घुसली की एका रात्रीत काय होतं ते ज्याचं गेलंय त्यालाच माहीत, त्यामुळं या प्रश्नात राग असतो आणि तो मला कळतो. पण पीक संरक्षणाचं लायसन्स हा बंदूक बाळगायचा परवाना आहे, जनावर मारायचा नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनविभागाची वेगळी लेखी परवानगी लागते, कुठलं जनावर, कुठला गट, किती दिवस, आणि मेलेलं जनावर सुद्धा सरकारचं, घरी आणून रस्सा करायचा नाही. खरं सांगू का, अंधारात पळत्या डुकरावर एका बाराची बंदूक, परत भरायला मिनिट जातं, जखमी डुक्कर उलटलं तर काय कराल? नुकसानभरपाईचा अर्ज आणि कुंपण यातच शहाणपण आहे असं माझं मत, पटत नसेल तर सोडून द्या.

माळवदावर बंदुकीबरोबर शिंगं, कातडं, भुसा भरलेलं मुंडकं असलं काही निघालं तर तो विषय पूर्ण वेगळा आणि जास्त गंभीर. २००३ साली घोषित करायला मुदत दिली होती, तेव्हाचं मालकीचं प्रमाणपत्र घरात आहे का शोधा आणि नसेल तर वकिलाला घेऊनच वनविभागात जा. विकायचं नाही, कुणाला भेट द्यायचं नाही, जाळून टाकायचं तर अजिबात नाही.

८. लायसन्स हातात आल्यावर

लायसन्सवर यूआयएन नंबर (प्रत्येक लायसन्सधारकाचा वेगळा ओळख क्रमांक) आहे ना ते तिथंच टेबलावर तपासा, बोअरचा आकडा पण. टाइपिंगमध्ये १२ चं २१ झालं तर पुढं प्रत्येक वेळी भांडत बसाल.

दारू आणि टोप्या लायसन्सवरच, लायसन्सवाल्या डीलरकडूनच. शोभेच्या दारूकामाची दारू किंवा विहिरीच्या सुरुंगाची दारू नळीत घालायची नाही. काडतुसातली धूर न होणारी दारू तर कधीच नाही, तिचा दाब इतका असतो की जुनी नळी डाव्या हाताशीच फुटते. बार उडवलाच कधी तर काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि आठवड्यात नळी गंजवते, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने धुवायची, चिंधीने पूर्ण कोरडी करायची, मग तेलाचा हात. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत बार उडवला तर २ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, नवरदेव तुमचा सख्खा भाऊ असला तरी. इन्स्टावर फोटो टाकायचा मोह पण आवरा.

ठेवायचीच नसेल तर लायसन्स घेण्याचा खटाटोप न करता डीलरमार्फत दुसऱ्या लायसन्सधारकाला विकता येते, किंवा सरळ सरकारजमा करता येते. निकामी करून भिंतीला लावायची असेल तर परवाना विभागाची लेखी परवानगी आधी आणि काम लायसन्सवाल्या कारागिराकडून.

लायसन्स आता ५ वर्षांचं असतं, रिन्यूअलची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा, संपायच्या आधी दोन तीन महिने अर्ज करा. आणि निवडणूक लागली की बंदूक जमा करायचा निरोप येतो, झेडपी असो की विधानसभा. जाताना ओरिजिनल लायसन्स, त्याची झेरॉक्स आणि मागच्या वेळची पावती घेऊन जा, निकाल लागल्यावर परत आणायला उशीर करू नका, कारण त्या खोलीत शंभर बंदुका एकावर एक उभ्या असतात आणि दस्त्याला चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली असते, ती गळून पडली की तुमची कुठली ते शोधताना मागच्या पावतीवर लिहून घेतलेला बोअर आणि शिक्के उपयोगी पडतात.